उजवी बाजू वसंताची

माणिकराव कुठल्याही आल्बमची किंमत तोंडानं सांगत नाहीत. गाणं संपायच्या आतच ते खांद्यावरचा पंचा काढतात, तुमच्या हातावर टाकतात आणि पंच्याखालून तुमची बोटं दाबतात. चार बोटं दाबली तर माल उत्तम. दोन दाबली तर कामचलाऊ. नुसतं करंगळीला टोचलं तर समजायचं, की इंग्लंडातल्या कुण्या ध्वनितज्ज्ञाची सगळी मेहनत नांदेडात उकिरड्यावर गेली. बैलबाजारात पूर्वी असे पंच्याखाली सौदे व्हायचे, शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून. इथं खोलीत आम्ही दोघंच असतो. मी एकदा विचारलं, "काका, इथं कोण ऐकतंय?" तर स्पीकरांकडं डोळ्यानं खूण करून म्हणाले, "ते हाईत की."

माझा आणि त्यांचा संबंध भाडेकरू आणि घरमालकाचा. मी खालच्या मजल्यावर राहतो, ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, आणि मला कुठंही फार वेळ बसवत नाही. सिनेमाला गेलो तरी मध्यंतरात गाडी नीट लावली का बघून येतो. वर राहणारा माणूस माझ्याहून चुळबुळ्या आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. छतावरून खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. मग ढोल. मग पुन्हा खुर्ची. आमच्या स्वयंपाकघरातले डबे फळीवर थरथरत पुढं सरकायचे आणि बायको ते मागं ढकलायची. शेवटी मी तणतणत वर गेलो. भांडायला म्हणून गेलो आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसवला गेलो.

"बसा सर. हलू नका. मागून काय येतंय ते सांगा."

मागून कुणीतरी गिटार वाजवत होतं. समोरून ढोल, आणि खालून, म्हणजे माझ्या घराच्या दिशेनं, नुसता हादरा.

"गिटार," मी म्हणालो.

"ते मला बी कळतंय. वाळलेली हाय का ओली?"

गिटार ओली असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

माणिकरावांनी सगळी जिंदगी मोंढ्यात तूर आणि सोयाबीन खरेदी करण्यात घालवली. गाव कंधारकडचं. आता दुकान मुलगा बघतो. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलीनं बापाला पाच स्पीकरांचा सेट घेऊन दिला, दोन समोर, एक मध्ये, दोन पाठीमागं, शिवाय जमिनीवर ठेवायचा एक जाडजूड सहावा. त्यावर हा गृहस्थ काय ऐकतो, तर कॉलेजच्या दिवसांत ऐकलेले इंग्रजी रॉकचे जुने आल्बम. तेही तसेच्या तसे नाहीत. हल्ली विलायतेत त्या आल्बमच्या मूळ टेपा काढून, त्यांतलं एकेक वाद्य सुटं करून, चारी बाजूंनी ऐकू येईल असं पुन्हा मांडतात. हे मला माणिकरावांनी असं समजावून सांगितलं:

"जुनी रेकार्ड म्हणजे मिसळीचा माल. तूर, मूग, हरभरा एकाच पोत्यात. आता हे लोक काय करून राहिले, तर ते पोतं परत ओततेत, दाणा न् दाणा निवडतेत, अन पाच पोत्यांत वेगळा भरतेत. पण निवडताना माती आली का, दाणा फुटला का, हे कुणी बघावं?"

"कुणी?"

"ज्यानं जिंदगीभर दाणा बघितला त्यानं."

तर अशी ही परीक्षा. गाण्यात घुमारा जास्त असला की माल ओला. कमी असला की वाळलेला. आवाज फाटला की दाणा फुटला. जुनं गाणं उगाच चकचकीत करून ठेवलं असेल तर नाक मुरडून म्हणणार, "डाळीला पालिश मारलंय." एकदा एका आल्बममध्ये त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत घरघर ऐकू आली. करंगळीला टोचून मोकळे झाले. गाणं बंद केलं तरी घरघर चालूच. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे, तिची होती ती. मी ते लक्षात आणून दिलं, तर एक बोट वाढवून म्हणाले, "बास, इतकंच. चांगल्या मालातून गिरणी ऐकू येत न्हाई."

एकही गाणं त्यांनी पूर्ण ऐकल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. मिनिटभर बसतात, उठतात, खुर्ची चार बोटं मागं घेतात, बसतात, मान वाकडी करतात, उठून मागच्या स्पीकरला गालावर हलकीशी चापट मारल्यासारखं करून किंचित वळवतात. तोवर गाणारा कुठल्या कुठं पोचलेला असतो. शकुंतलाकाकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "गाणं लागलं की ह्यांना मुंग्या डसतेत. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना दोनदा उठले होते, मांडवाचा भोंगा कुठं बांधलाय बघायला."

"चुकीचा बांधला होता," माणिकराव आतल्या खोलीतून.

अशा पाच स्पीकरवाल्यांचा मोबाइलवर एक गट आहे. देशभरातले लोक. तिथं माणिकराव आपलं मत इंग्रजीत टाकतात. त्यांचं इंग्रजी मोंढ्यातून निघून हैदराबादमार्गे येतं. 'ड्रम गुड. गिटार ड्राय. बॅक साइड लिटल माती.' लोकांना ते आवडायचं. 'माती' हा शब्द त्या गटात रूढ झाला. बंगळूरचे, कोलकात्याचे लोक 'टू मच माती' असं लिहायला लागले. आणि एक दिवस पुण्याच्या एका सदस्यानं एका आल्बमबद्दल लिहिलं, की गायकाचा आवाज काय सुंदर मोकळा केलाय. माणिकरावांनी विचारलं, 'विच सिंगर?'

पुणेकरानं गायकाचं नाव सांगितलं. माणिकरावांनी उत्तर दिलं, गायक आहे पण फार लांब आहे, शेजारच्या गल्लीत बसून गातोय, माल बोगस. पुणेकर म्हणाला, गायक समोर उजव्या हाताला चार हातांवर उभा आहे, आपण कान तपासून घ्यावेत. झालं. दोन दिवस त्या गटात दुसरा विषय नाही. माणिकराव वर-खाली येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी मला साक्षीला बोलावलं.

"बसा सर. अन इमानानं सांगा. हाय का गाणारा?"

मी बसलो. डावीकडून गिटार, डावीकडून ढोल, मागूनही डावीकडूनच काहीबाही. मधल्या स्पीकरमधून कुणीतरी तोंडावर उशी धरून गात होतं. इतके महिने मी त्या खुर्चीत बसत होतो आणि सगळं डावीकडून येतं हे मला जाणवलंही होतं, पण मला वाटायचं, इंग्रजी गाणं असंच असेल. या वेळी मात्र मी उठलो (मला बसवत नाहीच) आणि उजवीकडच्या स्पीकरला कान लावला. चिडीचूप. मागच्या उजव्याला लावला. तोही गप्प. मागं वाकून बघितलं तर दोघांच्या वायरी नीट गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवलेल्या.

"काका, अहो, तुमची उजवी बाजू जोडलेलीच नाही!" मी एखादा शोध लावल्याच्या आनंदात ओरडलो. "त्या पुणेकराचं बरोबर आहे. लावू का वायर?"

"हात लावायचा न्हाई."

इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या परत आत गेल्या.

"उजवी बाजू वसंताची हाय," माणिकराव म्हणाले.

वसंतराव त्यांचे धाकटे भाऊ, लातूरला असतात, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. दोघं भाऊ नांदेडला एका खोलीवर राहून शिकले. हैदराबादहून एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला, दोन स्पीकरांचा, आणि तिथल्याच फुटपाथवरून एकेक करून इंग्रजी रेकॉर्डी. पुढं वडील गेले, दोघांची लग्नं झाली, आणि वाटणी करायचं ठरलं. वाटणीला किसनमामा बसले. या मामांचा न्याय सरळ होता, जे दोन असेल ते एकेक. दोन हंडे, एकेक. देवणी बैलांची जोडी, एकेक. प्लेअर थोरल्याला, त्याच्या बदल्यात शिलाई मशीन धाकट्याला. राहिले दोन स्पीकर. मामा म्हणाले, दोन डबे हाईत ना, घ्या एकेक. एक डबा घेऊन काय करणार हे मामांनी विचारलं नाही, आणि भावांनीही सांगितलं नाही. बैलाला दुसरा बैल मिळाला. डब्यालाही मिळाला असता, पण माणिकरावांनी घेतला नाही.

"का नाही घेतला?"

"मला डावी बाजू आली. दुसऱ्याच्या हिश्श्यातलं ऐकायचं म्हणजे बांध कोरल्यासारखं हाय, सर."

"अहो पण हा सेट नवा आहे! हा वाटणीत कुठं होता?"

"डबे नवे हाईत. गाणी तीच हाईत की."

 मी मधल्या स्पीकरकडं बोट केलं. "मग हा?"

"त्यो सामाईक. विहिरीसारखा. म्हणून अर्ध्यावर ठेवलाय."

"आणि खालचा?"

"खालचा जुन्या सेटला नव्हता. त्याच्यात कुणाचा हिस्सा न्हाई. त्यो पुरा वाजवतो."

तो पुरा वाजतो हे आमच्या फळीवरच्या डब्यांना विचारायची गरज नव्हती. मला हसू आवरेना. कायद्याचा इतका शुद्ध अंमल मी कोर्टातही पाहिलेला नाही. हसता हसता मी विचारलं, की मग भावांचं भांडण तरी कशावरून झालं? तर भांडण झालंच नव्हतं. वाटणीच्या दिवशी दोघं एका पंगतीत जेवले आणि आपापल्या वाटेनं निघाले. मग हा म्हणाला तो येईल, तो म्हणाला हा बोलवील. त्याला आता तीसेक वर्षं झाली. लग्नाकार्यात समोरासमोर आले की तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं. 'त्यांना म्हणावं, जेवून जावा.' भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. गंमत म्हणजे दोन्ही घरच्या बायका फोनवर रोज बोलतात. कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला इथपर्यंत सगळं इकडून तिकडं जातं. "आम्हा जावांचं कधीच बंद न्हाई," काकू म्हणाल्या. "ह्या दोघांच्याच तोंडाला कुलूप हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत वरून खुर्चीचा आवाज यायचा बंद झाला. डबे फळीवर गुमान बसून राहिले. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, मग मात्र बेचैन व्हायला लागलं. वर जाऊन पाहतो तो माणिकराव एका पाकिटाभोवती फिरत होते. पाकीट देवघराच्या फळीवर ठेवलेलं, आणि काकूंनी सवयीनं त्यालाही हळदकुंकू लावलेलं. मुलीनं परदेशातून मागवून दिलेला आल्बम होता तो. कव्हरवर हिरवी शिडी आणि शिडीवर बसलेलं घुबड. दोघा भावांनी मिळून घेतलेली पहिली रेकॉर्ड ही. आता ती पाच पोत्यांत निवडून आली होती.

"उघडा की मग!"

"काय करू उघडून? त्याच्यातला गाणारा पुरा उजवीकडं हाय. जुन्या रेकार्डला तसंच होतं. डावीकडं नुसती गिटार न् टाळ्या. ते मला पाठ हाय." ते खिडकीपर्यंत गेले, परत आले, पाकीट उचललं, ठेवलं. "तिसऱ्या गाण्यात एका जागी सगळं थांबतंय सर. ढोल बंद. गिटार बंद. अन गाणारा गायच्या आधी श्वास घेतो. तेवढाच. खोलीवर असताना त्या जागी मी वसंताकडं बघायचो न् त्यो माझ्याकडं बघायचा. मला ते परत एकदा ऐकायचं हाय. आता आपलं वय बी झालं. किती दिवस ठेवायचं?"

"मग फोन लावा भावाला."

"फोन मी कसा लावू? थोरला हाय मी."

मला पुढच्या आठवड्यात पेपर तपासणीसाठी लातूरला जायचं होतं. हे मी त्यांना का सांगितलं कुणास ठाऊक. मला तोंडही फार वेळ बंद ठेवता येत नाही. माणिकरावांनी लगेच मला समोर बसवलं आणि निरोप पढवला. "इतकंच विचारायचं. उजवी बाजू वाजवू का. हाव का न्हाई. मी बोलून राहिलो असं वाटू द्यायचं न्हाई, तुम्हीच सहज विचारल्यासारखं विचारायचं." हे सहज कसं विचारायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. निघताना काकूंनी कारळाच्या चटणीची बरणी दिली. तीही माझ्याकडूनच आहे असं भासवायचं होतं.

लातूरला वसंतराव शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ चालवतात. मी गेलो तेव्हा दुपारची पंगत उठली होती आणि ते गव्हाच्या पोत्यांवर याद्या-बिद्या न बघता नुसतं बोट ठेवून पोती मोजत होते. माणिकरावांचंच नाक, पण अंगानं दुप्पट आणि चालण्याबोलण्यात संथ. बरणी बघून म्हणाले, "वहिनीची चटणी." सहजपणा तिथंच संपला.

मी सरळ विषयाला हात घातला. वसंतराव ऐकत होते. मध्येच म्हणाले, "सर, थांबा. ह्याचा अर्थ, दादा उजवी बाजू ऐकतच न्हाई?"

"वायरी बांधून ठेवल्यात सुतळीनं."

"अन आमच्या जुन्या सेटला?"

"तेव्हाही एकच डबा. तुमचा तुमच्याकडे होता ना."

वसंतराव गव्हाच्या पोत्यावर बसले. गुडघे चोळायला लागले. "येडं हाय का ते?" ते पुटपुटले. "एवढी वर्षं अर्धं गाणं ऐकून राहिलंय?"

"तुमचा डबा कुठंय?" मी विचारलं.

"उंदरांनी खाल्ला. लाकूड तेवढं हाय, पोरांच्या चपला ठेवायला. सर, खरं सांगू का? मला ते इंग्रजी गाणं कधी कळलंच न्हाई. सुरुवातीपासून न्हाई. दादा ऐकायचा म्हणून मी बसायचो. त्यो श्वासबिस म्हणतो ना, तेवढं मला कळायचं. कारण त्या टायमाला दादा माझ्याकडं बघायचा. बाकी सगळा धुडगूस त्या एका टायमासाठी सोसायचो."

"मग वाटणीत स्पीकर कशाला घेतला?"

त्यांनी पोत्याच्या शिवणीतला एक दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळायला लागले. "मामा म्हणाले एकेक घ्या. मी न्हाई म्हणू शकलो असतो. पण मला वाटलं, एका डब्यावर दादाचं भागणार न्हाई. आठ दिवसांत येईल मागायला. आला की चांगलं चार दिवस ठेवून घ्यायचं, अन डबा द्यायचा. बायकोला सांगून सुद्धा ठेवलं होतं, पुरणाची डाळ भिजवायची म्हणून."  डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "आलाच न्हाई. मला वाटलं, दादाला डब्याची गरज न्हाई, अन माझी बी न्हाई."

मी जागच्या जागी चुळबुळत होतो.  मी म्हणालो, "तर मग त्यांना काय सांगू? वाजवू दे ना?"

"तुम्ही काय सांगू नका. अशी इजाजत निरोपावर देत नसतेत. मीच येतो रविवारी."

मी नांदेडला येऊन एवढंच सांगितलं, की ते स्वतः येणार आहेत. त्या क्षणापासून रविवारपर्यंत माणिकरावांनी घर डोक्यावर घेतलं. खुर्ची पुसली. खुर्चीला उशी हवी का यावर काकूंशी वाद घातला. उशीनं माणूस वर येतो आणि कानाची उंची बदलते. पायऱ्यांवरून खाली येऊन मला विचारून जायचे, "नक्की येतो म्हणाला ना? का येईन बघू असं म्हणाला?" मी चिडून म्हणालो, की काका, पुन्हा विचारलंत तर मी घर बदलीन. तर संध्याकाळी काकूंना पाठवलं विचारायला.

रविवारी वसंतराव सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून आले. दारात दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनीही माझ्याकडं बघितलं.

"सर, त्यांना म्हणावं, आत या," माणिकराव म्हणाले.

"सर, त्यांना म्हणावं, चप्पल काढून राहिलो," वसंतराव म्हणाले.

असा माझ्या तोंडून चहा झाला, प्रवास कसा झाला ते झालं, पोरं काय करतात तेही झालं. मी मध्ये उभा राहून मान इकडून तिकडं वळवत होतो. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी वसंतरावांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दादा, वाजव की उजवी बाजू. मला काय विचारतोस?"

माणिकराव एकदम खाली बसले, स्पीकरच्या मागं, आणि सुतळी सोडायला लागले. गाठ जुनी, बसलेली.  मी कात्री आणतो म्हणालो तर नको म्हणाले. दातानं सोडवली. दोन्ही वायरी जोडल्या. मग खुर्चीवरून नवा घोळ. खुर्ची एकच. हा म्हणे तू बस, तो म्हणे दादा तू बस. अखेर माणिकरावांनी भावाच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना खाली दाबलं आणि आपण उजवीकडच्या स्पीकरशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. पाकिटावरची हळद पुसून आल्बम बाहेर काढला आणि लावला.

पुणेकर म्हणाला होता तसंच झालं. गाणारा खोलीत आला. चार हातांवर, उजव्या हाताला, माणिकराव उभे होते नेमक्या तिथं. मला इंग्रजी गाण्यातलं काही कळत नाही, पण महिनोन्महिने उशीआडून ऐकलेला माणूस असा समोर येऊन उभा राहिला की कळतंच. मी माणिकरावांकडं बघितलं. पंचा खांद्यावर तसाच. ना खुर्ची सरकवली, ना मान वाकडी केली. पहिलं गाणं पूर्ण झालं. दुसरं पूर्ण झालं. हा माणूस जागचा हलला नव्हता. त्यांची नजर सारखी वसंतरावांवर होती आणि चेहरा असा, की जणू दोन-चार वर्षांचं पोर पहिल्यांदा जत्रेत आलंय.

तिसरं गाणं सुरू झालं. माणिकरावांनी मला हातानं खूण केली, आता बघा, जवळ आलं. ढोल चढत गेला. गिटार चढत गेली.  माणिकराव भावाच्या नजरेला नजर भिडावी म्हणून एक पाऊल पुढं सरकले.

वसंतरावांचे डोळे मिटलेले होते. मान छातीवर आलेली. हात मांडीवर उलटे पडलेले. पहाटे पोरांचा नाश्ता करून देऊन, गाडीत उभ्यानं आलेला माणूस, पाच बाजूंनी कोसळणाऱ्या त्या गदारोळात गाढ झोपला होता. ओठ थोडे उघडे होते आणि हलकंसं घोरणं चालू होतं.

माणिकराव त्यांच्याकडं बघत राहिले. आता ती जागा येणारच होती. एखाददुसऱ्या क्षणाचा प्रश्न होता. मी त्यांना खुणावलं, की उठवू का? त्यांनी झटकन हात वर करून मला थांबवलं, रिमोट उचलला आणि गाणं बंद केलं.

मग दबक्या पावलांनी जाऊन त्यांनी पंखा एक घर कमी केला. कॉटवरची चादर आणली आणि भावाच्या अंगावर टाकली, मान वाकडी झाली होती तिच्याखाली हळूच उशी सरकवली. कानाची उंची बदलली असेल, पण त्यांनी ते पाहिलं नाही. मी जमिनीवरून उठायला गेलो तर डोळे वटारले. म्हणून मीही बसून राहिलो.

आतून काकूंनी विचारलं, "बंद का केलं? खराब निघालं का?"

माणिकराव दारापर्यंत गेले आणि कुजबुजत म्हणाले, "हळू बोल. वसंता झोपलाय."